झाडाखालची सावली का चमकली? ध्रुवित प्रकाशाचे फोटो आणि त्यातले फसवे आकडे

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी पाऊस उघडला आणि मी गॅलरीत ट्रायपॉड लावला. समोर ओला रस्ता, कडेला साचलेलं डबकं, उभी असलेली एक गाडी, एक आंब्याचं झाड आणि वर अर्धं मोकळं आकाश. कॅमेऱ्यापुढे पोलरायझिंग फिल्टर लावून मी चार फोटो काढले, दर वेळी फिल्टर थोडा फिरवून. मग लॅपटॉपवर छोटासा प्रोग्राम चालवून त्या चारांचा एक नकाशा बनवला. प्रकाश जिथे जास्त ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड, तिथे पिवळा रंग आणि जिथे कमी तिथे निळा.

डबकं पिवळं आलं, ते अपेक्षितच होतं. पण तीन गोष्टी खटकल्या. आंब्याखालची गडद सावली डबक्याइतकीच पिवळी दिसत होती. गाडीच्या काचेवर ऊन सगळ्यात जास्त चमकत होतं, बरोबर तिथेच एक निळं भोक होतं. आणि पानांच्या कडांना पिवळी किनार आली होती, जणू कुणी स्केच पेनने गिरवलंय.

पहिल्यांदा मला वाटलं, वा, काहीतरी नवीन सापडलं! दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की या तिन्हींपैकी बराचसा भाग बाहेरच्या जगातला नव्हताच, तो माझ्या कॅमेऱ्याचा आणि माझ्या गणिताचा होता. बाहेरच्या दृश्यांतला ध्रुवित प्रकाश आकड्यांत कसा दिसतो आणि ते आकडे कुठे फसवतात, तेच आज समजून घेऊया.

ध्रुवण म्हणजे नेमकं काय?

एका टोकाला बांधलेली दोरी हातात धरा आणि हलवा. हात वर-खाली हलवला तर लाट उभी जाते, डावी-उजवीकडे हलवला तर आडवी. प्रकाशाची लाटही अशीच पुढे जाताना आडव्या दिशांना कंप पावते. सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशात सगळ्या दिशांची कंपनं सारखीच मिसळलेली असतात. त्यातली एखादी दिशा वरचढ झाली की प्रकाश ध्रुवित झाला असं म्हणतात. सगळी कंपनं एकाच दिशेची असतील तर ध्रुवण १०० टक्के, आणि कुठलीच दिशा वरचढ नसेल तर शून्य.

आपल्या डोळ्यांना हा फरक जवळजवळ दिसत नाही. पण तुमच्याकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो हातात धरून मोबाइलच्या स्क्रीनसमोर गोल फिरवा. बहुतेक फोनची स्क्रीन एका कोनात काळी पडेल, कारण स्क्रीनमधून निघणारा प्रकाश ध्रुवित असतो आणि गॉगलची काच एकाच दिशेचं कंपन आत सोडते.

साध्या कॅमेऱ्यालाही फक्त उजेड आणि रंग कळतो, दिशा कळत नाही. म्हणून फिल्टर लावून त्याच दृश्याचे अनेक फोटो काढावे लागतात.

चार फोटोंतून तीन आकडे

फिल्टर ०°, ४५°, ९०° आणि १३५° अशा चार कोनांत ठेवून चार फोटो काढायचे. इथे ०° म्हणजे फिल्टर आडवं कंपन सोडतोय आणि ९०° म्हणजे उभं. प्रत्येक पिक्सेलसाठी मग तीन आकडे काढायचे:

एकूण उजेड = ०° चा उजेड + ९०° चा उजेड
पहिला फरक = ०° वजा ९०°
दुसरा फरक = ४५° वजा १३५°

ही पद्धत जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली मांडली आणि आजही जगभर हीच वापरतात. दोन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि एकूण उजेडाने भागा. आलेला आकडा म्हणजे ध्रुवणाचं प्रमाण. दोन फरकांच्या गुणोत्तरावरून ध्रुवणाची दिशाही मिळते.

उदाहरणार्थ, एका पिक्सेलवर ०° ला १४०, ९०° ला ६० आणि ४५° व १३५° ला १००-१०० आकडे आले. एकूण उजेड २००, पहिला फरक ८०, दुसरा फरक शून्य. म्हणजे प्रमाण ४० टक्के आणि दिशा आडवी. झालं! यात कॅल्क्युलेटरच्या पलीकडचं काही नाही.

दर वेळी फिल्टर फिरवायचा नसेल तर यासाठी वेगळे सेन्सरही मिळतात. सोनीने २०१८ मध्ये एक सेन्सर जाहीर केला. त्यात शेजारशेजारच्या चार पिक्सेलवर चार दिशांच्या अतिसूक्ष्म तारांच्या जाळ्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे चारही फोटो एकाच क्षणी मिळतात. कारखान्यांत काचेवरचे ओरखडे शोधायला किंवा चमक काढून टाकायला असे कॅमेरे वापरतात.

बाहेरच्या जगात ध्रुवण येतं कुठून?

मुख्य जागा तीन. या नीट कळल्या की पुढचे आकडे आपोआप कळतात.

पहिली जागा म्हणजे आकाश. निळं आकाश ध्रुवित असतं हे फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा अरागो यांना १८०९ मध्ये आढळलं आणि त्याचं कारण लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलं. हवेच्या रेणूंवरून प्रकाश विखुरतो, तेव्हा सूर्यापासून किती कोनावर आपण बघतोय त्यावर ध्रुवण ठरतं. रॅले यांच्या सूत्राने येणारे आकडे असे:

सूर्यापासून ३०° वर: सुमारे १४ टक्के
४५° वर: सुमारे ३३ टक्के
६०° वर: ६० टक्के
९०° वर: १०० टक्के

प्रत्यक्षात १०० टक्के कधीच येत नाही. प्रकाश एकापेक्षा जास्त वेळा विखुरतो, हवेत धूळ असते, जमिनीवरून उजेड परत वर जातो. अगदी स्वच्छ हवेतसुद्धा ९०° वर साधारण ८० टक्क्यांच्या आसपासच मजल जाते. धुरकट हवेत आणि ढगांत त्याहून खूप कमी.

इथे वेळेचाही खेळ आहे. पुण्यात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यापासून ९०° म्हणजे चारही बाजूंची क्षितिजं. त्या वेळी उत्तरेकडे क्षितिजालगत कॅमेरा लावला तर तिथलं आकाश चांगलंच ध्रुवित आणि दिशा आडवी मिळेल. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला टेकला की त्याच जागी दिशा जवळजवळ उभी झालेली असेल. म्हणजे इमारत तीच, आकाशाचा तुकडा तोच, पण ध्रुवणाची दिशा पूर्ण ९०° फिरली! साध्या फोटोत असं होत नाही. सकाळची भिंत आणि संध्याकाळची भिंत, उजेडाचा फरक सोडला तर, सारखीच दिसते.

दुसरी जागा म्हणजे पाणी, काच, पॉलिश केलेली फरशी, गाडीचा पत्रा. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एतियेन-लुई मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिलं. स्फटिक फिरवला तसा त्यातल्या दोन प्रतिमांचा उजेड कमी-जास्त झाला. परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो हा शोध असा लागला. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये नियम दिला: एका ठरावीक कोनात परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो. पृष्ठभागावरच्या उभ्या रेषेपासून मोजला तर पाण्यासाठी हा कोन सुमारे ५३° आणि साध्या काचेसाठी सुमारे ५६° आहे. जमिनीवर पसरलेलं पाणी असेल तर ध्रुवणाची दिशा आडवी असते. पोलराइज्ड गॉगल गाडी चालवताना रस्त्यावरची चमक कापतो तो याच कारणाने: तो आडवं कंपन अडवतो.

तिसरी जागा सगळ्यात मजेशीर आहे: गडद पृष्ठभाग. डांबर, ओली माती, काळं कापड. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय उमोव यांनी १९०५ मध्ये दाखवलं की पृष्ठभाग जितका गडद, तितका त्यावरून येणारा प्रकाश जास्त ध्रुवित.

कारण सोपं आहे. वस्तूवरून दोन प्रकारचा प्रकाश परत येतो. एक वरच्यावर परावर्तित होणारा, तो ध्रुवित असतो. दुसरा आत शिरून, कणाकणांवर आपटून, मग बाहेर येणारा. त्याची दिशा आत विस्कटून जाते. समजा वरच्यावर परतणारा ध्रुवित प्रकाश दोन्हीकडे ४ एकक आहे. पांढऱ्या भिंतीतून विस्कटलेला प्रकाश ८० एकक येतो, तर ध्रुवण ८४ मध्ये ४, म्हणजे ५ टक्क्यांहूनही कमी. काळ्या डांबरातून विस्कटलेला फक्त ४ एकक येतो, तर ८ मध्ये ४, म्हणजे ५० टक्के. ध्रुवित प्रकाश दोन्हीकडे तेवढाच आहे, फक्त पांढऱ्या भिंतीत पाणी घातलेल्या ताकासारखा तो पातळ झाला.

झाडाच्या पानातही हेच होतं. पान हिरवा प्रकाश परत पाठवतं आणि लाल-निळा शोषून घेतं. म्हणून त्याच पानाचं ध्रुवण हिरव्या रंगात कमी आणि लाल-निळ्या रंगात जास्त मोजलं जातं.

सरासरी का फसवते?

आता खऱ्या मुद्द्याकडे. समजा तुमच्याकडे अशा फोटोंचा मोठा साठा आहे आणि तुम्हाला विचारलं, "बाहेरच्या दृश्यात ध्रुवण सरासरी किती असतं?" तर उत्तर देण्याआधी थांबा.

घराबाहेरच्या दृश्यात साधारण असं चित्र असतं: बहुतेक पिक्सेल फारच कमी ध्रुवित. भिंती, माती, ढग, कपडे. आणि थोडेसे पिक्सेल खूप ध्रुवित. डबकं, काच, आकाशाचा एक पट्टा. आलेख काढला तर डावीकडे उंच टेकडी आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट दिसते.

समजा १०० पैकी ९० पिक्सेलचं ध्रुवण ५ टक्के आणि १० पिक्सेलचं ६० टक्के. सरासरी येते १०.५ टक्के. पण १०.५ टक्क्यांचा एकही पिक्सेल त्या फोटोत नाही! गल्लीत एक कोट्यधीश राहायला आला म्हणून बाकीच्यांच्या खिशात पैसे येत नाहीत, तसंच हे. म्हणून इथे मध्यक बघावा आणि शेपूट किती लांब आहे हे वेगळं बघावं.

दिशेची सरासरी तर त्याहून धोक्याची. ध्रुवणाची दिशा १८०° ला परत तिथेच येते. २° आणि १७८° या दोन्ही जवळजवळ आडव्याच दिशा. पण साधी सरासरी काढली तर येते ९०°, म्हणजे बरोबर उभी! एक्सेलमध्ये सरळ सरासरीचं सूत्र टाकणारा माणूस इथे हमखास पडतो. मीही पडलोय. योग्य रस्ता असा: कोनांची सरासरी काढायचीच नाही. वरचे दोन फरक घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि शेवटी त्यावरून दिशा काढायची.

फोटो लहान करतानाही हाच प्रश्न येतो. साध्या फोटोंबद्दल एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९८७ मध्ये डेव्हिड फील्ड यांनी निसर्गदृश्यांच्या फोटोंचं विश्लेषण करून दाखवलं की बारीक तपशिलांकडे जावं तसा त्यांचा जोर एका ठरावीक प्रमाणात कमी होत जातो. तपशील दुप्पट बारीक, तर जोर साधारण निम्मा. त्यामुळे फोटो लहान केला तरी त्याचं आकडेवारीतलं रूप फारसं बदलत नाही.

ध्रुवणाच्या नकाशाबाबत मात्र असं गृहीत धरून चालत नाही. शेजारच्या दोन पिक्सेलचं ध्रुवण ५०-५० टक्के आहे, पण एकाची दिशा आडवी आणि दुसऱ्याची उभी. उजेड दोघांचा सारखा. आधी प्रमाण काढून मग सरासरी घेतली तर उत्तर ५० टक्के. आधी मूळ फोटो लहान करून मग प्रमाण काढलं तर उत्तर शून्य! दोन्ही गणितं बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. म्हणून कुणी ध्रुवणाचा आकडा सांगितला की विचारायचं: फोटो केवढा होता, आणि लहान केला असेल तर गणिताच्या आधी की नंतर?

सावलीचं कोडं

आता माझ्या आंब्याखालच्या सावलीकडे येऊ. गडद जागा जास्त ध्रुवित असते हे उमोव यांनी सांगितलंच आहे. मग माझी सावली चमकली त्यात चूक काय?

चूक अशी की अंधारात कॅमेरासुद्धा बरोबर तसंच खोटं बोलतो.

प्रकाश थेंबाथेंबाने येतो, पागोळीखाली ठेवलेल्या बादलीत पाणी पडावं तसा. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील तर दर फोटोत साधारण १०० ने वर-खाली होणारच, म्हणजे १ टक्का. सरासरी १०० कणच पडत असतील तर १० ने वर-खाली, म्हणजे १० टक्के. याला आपण नॉइज म्हणतो.

आता समजा प्रकाश अजिबात ध्रुवित नाही. खरं तर चारही फोटो सारखे यायला हवेत. पण नॉइजमुळे ते थोडे वेगळे येतात. दोन्ही फरक कधी अधिक, कधी वजा असतात. त्यांचे वर्ग केले की वजाचं चिन्ह जातं. म्हणून ध्रुवणाचं प्रमाण कधीच शून्याखाली येत नाही आणि चुका एकमेकींना खोडत नाहीत. सगळ्या चुका वरच्या बाजूलाच साचतात. गणित करून पाहिलं तर मुळात शून्य ध्रुवण असताना सरासरी एवढं खोटं ध्रुवण दिसतं:

प्रत्येक फोटोत १०,००० कण: सुमारे ०.९ टक्के
१०० कण: सुमारे ९ टक्के
२५ कण: सुमारे १८ टक्के

बघा, जागा जितकी गडद तितकं ध्रुवण जास्त. हुबेहूब उमोव यांच्या नियमासारखं! एक गोष्ट निसर्गातली, दुसरी कॅमेऱ्यातली, आणि आलेखावर दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. हजारो फोटो गोळा केले तरी ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक फोटोत एकाच बाजूला झुकलेली असते. "डेटा भरपूर आहे" या एका वाक्यावर इथे विसंबता येत नाही.

मग खरं-खोटं वेगळं कसं करायचं? मी दोन गोष्टी केल्या.

पहिली, दिशेचा नकाशा पाहिला. डबक्यात सगळ्या पिक्सेलची दिशा जवळपास एकच, आडवी होती. सावलीत मात्र रंगीत रांगोळी सांडल्यासारखं दिसत होतं, प्रत्येक पिक्सेलची दिशा वेगळी. खरं ध्रुवण शेजाऱ्याशी सहसा जुळतं, नॉइज कुणाशीच जुळत नाही.

दुसरी, ट्रायपॉड न हलवता चार फोटोंचे १६ संच काढले आणि आधी दोन्ही फरकांची सरासरी घेतली, मग प्रमाण काढलं. १६ संचांच्या सरासरीत नॉइज एक चतुर्थांश होतो. खरं ध्रुवण असेल तर ते तसंच राहतं. माझ्या सावलीचा बहुतेक पिवळा रंग उतरला. तरी थोडा उरला, तो झाडाच्या बुंध्याशी ओल्या मातीवर, आणि त्याची दिशा नीट आडवी होती. तेवढा भाग उमोव यांचा. बाकीचा माझ्या कॅमेऱ्याचा.

काचेतलं भोक आणि पानांची किनार

गाडीच्या काचेचं कोडं सोपं निघालं. ऊन इतकं प्रखर होतं की चारही फोटोंत तिथले पिक्सेल पूर्ण पांढरे झाले होते. कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा आकडा २५५ धरला तर चारही ठिकाणी २५५. फरक शून्य, म्हणून ध्रुवण शून्य. खरं तर परावर्तित उन्हात भरपूर ध्रुवण असू शकतं, पण कॅमेऱ्याची वाटी आधीच भरून वाहत होती. असे पिक्सेल गणितातून काढून टाकायचे, त्यांना शून्य मानायचं नाही.

पानांच्या किनारीचं कारण म्हणजे वारा. चार फोटो एकामागून एक काढले, तेवढ्यात पान हललं. पानाच्या कडेचा एक पिक्सेल घ्या. फिल्टरमधून पानाचा उजेड २० आणि मागच्या ढगाचा १००, दोन्ही ध्रुवित नाहीत असं धरू. ०° च्या फोटोत तिथे पान होतं, म्हणून २०. बाकी तिन्हींत पान सरकलं, म्हणून १००. एकूण १२०, पहिला फरक उणे ८०, म्हणजे ध्रुवण तब्बल ६७ टक्के. मुळात काहीच नसताना!

पण चार फोटोंच्या पद्धतीत एक तपासणी आयतीच मिळते. ०° आणि ९०° ची बेरीज ही ४५° आणि १३५° च्या बेरजेइतकीच यायला हवी, कारण दोन्ही म्हणजे एकूण उजेडच. वरच्या पिक्सेलमध्ये एक बेरीज १२० आणि दुसरी २००. म्हणजे काहीतरी गडबड आहे. अशा जागा नकाशातून वगळायच्या. चारही फोटो एकदम काढणाऱ्या सेन्सरलाही कडांवर थोडा त्रास होतोच, कारण त्याचे चार पिक्सेल शेजारशेजारच्या पण किंचित वेगळ्या जागा बघत असतात.

हे आकडे कुणाच्या जिवावर येतात?

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. पण बाहेरच्या ध्रुवणाच्या या आकडेवारीवर लाखो वर्षं कुणाचं तरी आयुष्य चाललंय.

मधमाश्या आकाशातल्या ध्रुवणावरून दिशा ओळखतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवलं. पाण्यात अंडी घालणारे अनेक कीटक पाणी शोधतात तेही ध्रुवणावरूनच. त्यांचा नियम साधा: खालून येणारा प्रकाश खूप ध्रुवित असेल आणि दिशा आडवी असेल तर ते पाणी. रानात असा प्रकाश मुख्यतः पाण्यावरूनच येतो, त्यामुळे हा नियम क्वचितच चुकायचा.

मग आपण डांबरी रस्ते, काचेच्या इमारती, काळ्या गाड्या आणि सौर पॅनेल आणले. गडद आणि गुळगुळीत. ब्रूस्टर आणि उमोव यांचे दोन्ही नियम इथे एकत्र येतात. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मेफ्लाय नावाचे कीटक कोरड्या डांबरी रस्त्याला पाणी समजून त्यावर अंडी घालतात. ती अंडी अर्थातच वाळून जातात. गाबोर होर्वाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सौर पॅनेलबद्दलही हेच दाखवलं, आणि उपायही सापडला: पॅनेलवर पांढऱ्या पट्ट्यांची जाळी असेल तर कीटक खूप कमी येतात. गडद पृष्ठभागाचे लहान तुकडे केले की कीटकाला तो पाण्यासारखा वाटत नाही.

आज आपणही यंत्रांना असेच नियम शिकवतोय. ओला रस्ता ओळखणं, काचेवरचं प्रतिबिंब काढून टाकणं, पाण्याचा पट्टा शोधणं, यासाठी ध्रुवित फोटोंवर एआय मॉडेल तयार होतात. प्रशिक्षणाच्या फोटोंतल्या सावल्या नॉइजमुळे ध्रुवित दिसत असतील, तर मॉडेल "गडद म्हणजे ओलं" एवढंच शिकेल आणि कोरड्या सावलीला डबकं म्हणेल. डांबराला तळं समजणाऱ्या कीटकात आणि त्या यंत्रात मग फारसा फरक राहत नाही.

घरी करून बघायचं असेल तर

मोबाइलला रॉ फोटो काढता येत असतील आणि एक पोलरायझिंग फिल्टर असेल तर बस्स. जेपीईजी फोटो नको, कारण त्यात फोन स्वतःच उजेडाचे आकडे वाकवतो आणि वजाबाकीला अर्थ उरत नाही. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. फोन घट्ट बसवा. फिल्टरची जी बाजू नेहमी दृश्याकडे असते तीच दृश्याकडे ठेवा, उलटा धरू नका.

फिल्टरची दिशा माहीत नसेल तर गुळगुळीत फरशीवर पडलेली खिडकीची तिरपी चमक त्यातून बघा आणि फिल्टर फिरवा. चमक सगळ्यात मंद होईल तेव्हा फिल्टर उभं कंपन सोडतोय, तो तुमचा ९०°. तिथे खूण करा आणि बाकीचे तीन कोन मोजून घ्या. सूर्याकडे मात्र कॅमेरा किंवा डोळे थेट रोखू नका, फिल्टर असला तरी नाही.

आणि नकाशा तयार झाला की त्याच्या प्रेमात पडण्याआधी चार प्रश्न विचारा. दोन्ही बेरजा जुळतात का? पांढरे झालेले पिक्सेल काढले का? दिशा शेजाऱ्याशी जुळते का? आणि जास्त फोटोंची सरासरी घेतल्यावर तो रंग टिकतो का?

माझा तो पहिला नकाशा मी पुसलेला नाही. दुरुस्त केलेल्या नकाशाच्या शेजारीच ठेवलाय. दिसायला पहिलाच जास्त सुंदर आहे, पण ओली माती कुठे होती हे दुसऱ्यातच कळतं.